एका युनिटात शंभर दिवस

मास्तरांनी चार्जर सॉकेटमधून काढला, त्या जागी मुठीएवढा नवा मीटर बसवला आणि चार्जर त्या मीटरमध्ये खोचला. आकडा उमटला: दोन वॅट. मास्तरांनी मीटरला टिचकी मारली. आकडा जागचा हलला नाही.

घरात वीज नेमकी कुठे जाते, याचा एकदा छडा लावायचाच म्हणून ते सकाळपासून मोजदाद करत फिरत होते. फ्रिज झाला, मिक्सर झाला, इस्त्री झाली. तंत्रशाळेत तीस वर्षं पोरांना वीजकाम शिकवलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून जित्याची खोड थोडीच जाते? चार्जरचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, कारण त्याचा निकाल त्यांनी सहा वर्षांपूर्वीच लावून ठेवला होता.

चार्जर होता बायकोच्या श्रवणयंत्राचा. तो घरात आला त्या दिवशी मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली होती. दोनशे तीस व्होल्ट, शून्य पूर्णांक तीन दशांश अँपिअर. गुणाकार तोंडी झाला: एकोणसत्तर वॅट. यंत्र भरायला पाच तास. म्हणजे एवढ्याशा डबीला दर खेपेला एक तृतीयांश युनिट! त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, की चार्जर लागेल तो फक्त रविवारी. बायकोनं मान डोलावली. आकड्यांत तिला गती नव्हती, आणि आकड्यांच्या बाबतीत मास्तरांशी वाद घालायची घरात कुणाची छातीही नव्हती.

आज रविवार, रिकामं यंत्र चार्जरमध्ये बसलेलं, आणि आता आकडा सांगत होता दोन. चूक कुठे झाली ते मास्तरांना तत्क्षणी कळलं. पाठीवर छापलेला आकडा म्हणजे यंत्र फार तर किती ओढेल ते. खरोखर किती ओढतं ते मोजल्याशिवाय बोलू नये. हे वाक्य दर वर्षी पहिल्याच आठवड्यात ते फळ्यावर लिहीत आणि छापील आकड्यावर विसंबणाऱ्या पोरांची सगळ्यांदेखत हजेरी घेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तरी एक आशा होती, की पुढे आकडा चढेल. पाच तास ते दर थोड्या वेळानं येऊन वाकून बघत राहिले. दुपारी दोनला चार्जरचा दिवा हिरवा झाला तेव्हा मीटरवर एका युनिटचा शंभरावा भाग नोंदला गेला होता. एका युनिटात शंभर वेळा. रोज यंत्र भरलं असतं तरी एक युनिट शंभर दिवस पुरलं असतं. तेवढं एक युनिट त्यांच्या शर्टांची इस्त्री दर आठवड्याला तासाभरात खात होती.

बायको स्वयंपाकघरात डबे पुसत होती. मास्तरांनी तिच्या खांद्याला हात लावून यंत्र पुढे केलं आणि कानाकडे बोट दाखवलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता कशाला? पाचला घालते ना मी."

पाचलाच का, असं त्यांनी ओरडून विचारलं. तिनं सरळ सांगितलं, की एकदा भरलेलं यंत्र चौदा तास पुरतं, म्हणून रोजचे दोन तास धरायचे. पाच ते सात शेजारच्या बायका येऊन बसतात. त्यांना सारखं काय, काय विचारलं की त्या दमतात.

पाच ते सात मास्तर फिरायला जात.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. ओरडायचं भान राहिलं नाही, पण तिला ओठांवरून कळलं.

"तुमचं काय," ती म्हणाली, "तुम्ही काय म्हणणार ते मला न ऐकताही ठाऊक असतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ही आपल्याला कंटाळली, आपल्या बोलण्याकडे हिचं लक्षच नसतं, असं मास्तरांनी कधीचं मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याचा राग धरून तेही गप्प होत गेले होते. चहा, दार, दिवा, एवढ्यावर दोघांचा संसार चालला होता. दिवसभर एका छपराखाली राहून मास्तरांनी स्वतःच्या हातानं हे करून ठेवलं होतं, तेही चुकीच्या गुणाकारानं.

त्यांनी यंत्र तिच्या तळहातावर ठेवलं आणि ती घालेपर्यंत तिथेच उभे राहिले. तिनं केस मागे सारले, यंत्र कानात बसवलं, डब्यावर नख वाजवून पाहिलं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "याला वीज लागतच नाही म्हटलं तरी चालेल. तू रोज घालत जा. सकाळपासून."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. फडकं तिच्या हातातच होतं.

"घसा बसलाय का तुमचा?"

"नाही गं."

"मग असा का येतोय आवाज? म्हाताऱ्या माणसासारखा?"

"असाच आहे आता."

"कधीपासून?" तिनं विचारलं आणि नीट ऐकू यावं म्हणून ती एक पाऊल जवळ आली.