पितळी गुंडाची जागा

धनंजयच्या नव्या घरात एक टेबल आलं. त्यावर जेवायचं नाही, लिहायचं नाही, इस्त्रीही करायची नाही. दीड वीत रुंद, पुरुषभर लांब, भिंतीला लागून नुसतं उभं. पांढरं, आणि इतकं चकचकीत की वाकून पाहिलं तर आपल्या हनुवटीखालच्या सुरकुत्या दिसतात. माझी सून खुशबू त्याला कन्सोल म्हणते.

धनंजय माझा एकुलता एक. भंडाऱ्याला नोकरीला लागला, तिथंच घर बांधलं. त्याचे वडील गेल्यावर दिघोरीची धानाची शेती ठेक्यानं दिली आणि मी इकडे आले. राहायला आलो होतो, वास्तुपूजा तेवढी राहिली होती. ती पुढच्या रविवारी होती आणि त्याआधी खुशबूला टेबल सजवायचं होतं.

ती रोज सजवायची आणि रोज मोडायची. टेबलावर भिंतीला टेकवून तिनं मोठा गोल आरसा ठेवला होता. त्याच्यापुढे दिवा ठेवायची, उचलायची, चार पावलं मागं जाऊन एक डोळा बारीक करून पाहायची. बोटाचा ठसा उमटला की मऊ फडक्यानं पुसायची.

"आई, याचा एक नियम असते," ती मला म्हणाली. "एक उंच, एक मधलं, एक ठेंगणं. बाकी जागा मोकळी."

"मोकळी जागा ठेवायले टेबल घेतला?"

नात टीना हसली. खुशबू हसली नाही. तिचं सगळं मन त्या टेबलात होतं.

सोमवारी तिची आई आली. माझी विहीण कुंताबाई, भंडाऱ्याच्याच. येताना पिशवीतून गुंड घेऊन आल्या. गुंड म्हणजे आमच्याकडचं पाणी भरायचं पितळी भांडं, मोठ्या पोटाचं, आखूड गळ्याचं. त्यांच्या लग्नातला. दुकानातून पॉलिश करून आणला होता. सोन्यासारखा पिवळा दिसत होता. खुशबूनं तो दिव्याशेजारी ठेवला, चार पावलं मागं गेली आणि पहिल्यांदाच तिचे दोन्ही डोळे उघडे राहिले.

"मम्मी, हेच पाहिजे होतं."

कुंताबाई सोफ्यावर बसल्या, पदर सारखा केला. "इहीनबाई, पाहा ना, कसा शोभून राहिला. आमच्या घराची एक निशाणी."

मी म्हटलं, शोभते. पण त्या दिवशी दुपारचं जेवण मला गोड लागलं नाही. घर माझ्या लेकाचं. दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसणार कुंताबाईचा गुंड. पूजेला दिघोरीचे लोक येणार, विचारणार, हा कोणाचा? आणि मी सांगायचं, सुनेच्या माहेरचा.

त्या गेल्यावर मी खुशबूला म्हटलं, "माझ्याबी लग्नातला गुंड आहे. दिघोरीले माळ्यावर."

"दोन ठेवले तं भांड्याचं दुकान दिसन, आई."

"दोन नको ठेवू. जो बरा दिसन तो ठेव."

तिनं मान हलवली. सून वाईट नाही. फक्त तिच्या टेबलावर जागा एकाचीच होती.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी दिघोरीला गेले. माळ्यावर शिडी लावून शेजारच्या अंकुशनं गुंड खाली काढून दिला. दहा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. काळाहिरवा पडला होता. पण काठ सरळ आणि पोट गोल, एकही पोचा नाही. पिशवीत चुलीची राख घेतली, चिंच घेतली आणि संध्याकाळी परत आले. पॉलिशवाल्याकडे न्यायचा विचारही केला नाही. माझा गुंड माझ्या हातानं उजळणार होता.

या गुंडाची एक गोष्ट आहे. चाळीस वर्षांमागे गावात वासुदेवरावांच्या मुलीचं लग्न झालं. तेव्हा लग्नघरी भांडी घरोघरून जमा व्हायची. कोणाचा गुंड, कोणाचं गंज, कोणाची परात. म्हणून तर भांड्यावर नाव टाकून घ्यायची पद्धत. पण नाव वाचणार कोण? आम्ही बाया चुन्याचं बोट लावायचो, नाहीतर काठाला दोरा बांधायचो. लग्न उरकलं, भांडी घासली, चुना गेला, दोरा गेला. ढिगात दोन सारखे गुंड उरले. एक माझा, एक बायजाचा. बायजा म्हणजे आमच्या शेजारची, माझ्याच वर्षी लग्न होऊन एकोडीहून आलेली. त्या दोनांतला एक लग्नाच्या धामधुमीत कुठंतरी आपटून काठाला पोचला होता. बायजा म्हणाली, चांगला माझा. मी म्हटलं, चांगला माझा. माझा आवाज मोठा होता. मी तो उचलला आणि घरी आले. पहिल्यांदा पाणी भरून कमरेवर घेतला तेव्हा जरा जड लागला. जड भांडं कोणाला नको असतं?

बुधवारी मागच्या नळावर बसून मी तो घासला. चिंचेनं काळं सुटलं, राखेनं पिवळं वर आलं. गळ्याखाली बारीक टोचे टोचे दिसू लागले. अंगठ्यानं चोळलं, तर ती अक्षरं होती.

दिघोरीला असताना शाळेच्या व्हरांड्यात म्हाताऱ्या माणसांचा वर्ग भरायचा. तिथं मी अक्षरं शिकले. बसची पाटी वाचते, औषधाचं नाव वाचते. हा गुंड मात्र कधी वाचला नव्हता. घरातल्या सगळ्यांनी यातलं पाणी प्यायलं, वाचला कोणीच नाही. माझ्या गुंडावर काय लिहिलं आहे ते मला तोंडपाठ होतं, माझ्या बापानंच सांगितलं होतं. गोदावरी सोमाजी, आंधळगाव. म्हणून मी 'गो' शोधत होते.

'गो' नव्हता. 'बा' होता. मग 'य', मग 'जा'. त्याच्यापुढे ए, को, डी.

नळ चालूच राहिला. टीनानं येऊन बंद केला.

मी कोणाला काही बोलले नाही. गुंड पुसला, आत नेला, नाव आरशाकडे करून टेबलावर ठेवला. खुशबूनं कुंताबाईचा उचलला, माझा ठेवला, माझा उचलला, त्यांचा ठेवला. बराच वेळ तिचं तेच चाललं होतं. शेवटी म्हणाली, "आई, तुमचाच बरा दिसते. मम्मीचा लयच चमकते, नवा वाटते. हा जुना वाटते."

कुंताबाईचा गुंड स्वयंपाकघरात ओट्याखाली गेला. मी तिथपर्यंत जाऊन पाहून आले. खरंच ओट्याखाली, तेलाच्या पिप्याजवळ.

त्या संध्याकाळी कुंताबाईंचा फोन आला. खुशबूनं त्यांना फोटो पाठवला होता. "इहीनबाई, तुम्ही तं बाजी मारली," त्या म्हणाल्या. आवाज गोड होता, पण त्यांनी फोन लवकर ठेवला.

मला चांगली झोप लागायला हवी होती. गुरुवारी सकाळी टीना शाळेच्या कपड्यात टेबलापुढे उभी. "आजी, आरशात कायतरी लिहिलेलं दिसून राहिलं. उलटं आहे."

"डाग आहे तो."

"डाग नाही. हे 'जा' आहे."

"बस येईन तुझी. तूच जा."

ती गेली. मी आरशात पाहिलं. आरसा मागून दाखवत होता, टेबलाचा पांढरा चकचकीत पृष्ठभाग खालून दाखवत होता. गुंड एक, पण टेबलावर तीन गुंड दिसत होते आणि तिन्ही बायजाचे. सुनेच्या आईला हटवून मी तिथं कोणाला बसवलं होतं? जिच्या म्हशीनं जास्त दूध दिलं तरी मला झोप येत नसे, तिला. माझ्या लेकाच्या घरी, पहिल्या नजरेच्या जागी, बायजा मिरवणार. दिघोरीच्या पाहुण्यांतल्या एखाद्या शिकलेल्या पोरानं ते वाचलं म्हणजे झालंच.

कुंताबाईचा गुंड सोसला असता. हा मला सोसवेना.

शुक्रवारी पुन्हा एसटी. काठ सरळच होता, तरी खुशबूला सांगितलं, काठ नीट करून आणते. तिनं टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आई, परवा पूजा आहे," एवढंच म्हणाली.

बायजाबाई अंगणात धान वाळवत बसली होती. वाकली आहे आता, पण तोंड तसंच.

"ये गोदे. पिशवीत काय आणलं?"

"गुंड."

"माझा?"

मी पिशवी खाली ठेवली. "तुले ठाऊक होतं?"

"मले नाही तं कोणाले असन? पाण्यानं भरला का कमरेवर कसा बसते, ते बाईले समजते. तुझा हलका आहे. चाळीस वर्सं हलका गुंड वागवला, माझी कंबर तं वाचली."

"मंग भांडली काहून नाही?"

"भांडली ना. तूच जिंकली."

तिनं धानावरून हात फिरवला, चिमण्या उडवल्या. "तू पाण्याले निघाली का मुद्दाम माझ्या दारावरून जाये. मले समजे. माझं आंग जळे. मंग तुझ्या घरी नळ आला, गुंड माळ्यावर गेला. म्हटलं, चला, आता तिलेबी नाही, मलेबी नाही. आता कायले आणला?"

मी तिला टेबलाचं सांगितलं. कुंताबाईचंही सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे इहीनबाईले खाली पाडायले मले वर बसवली. आन् मंग मीच सोसवली नाही तुले."

"हो," मी म्हटलं. तिच्यापुढे खोटं कशाला बोलू.

"नाव कुठी आहे, दाखव."

मी तिचं बोट धरलं आणि त्या टोच्यांवर ठेवलं. बा. य. जा. बोट हळूहळू सरकवलं. तिनं स्वतःहून पुन्हा एकदा फिरवलं.

"एवढुसंच?"

"एवढंच. पुढे एकोडी आहे."

तिनं गुंड मांडीवर ओढून घेतला. राहू दे, ठेव तुझ्याकडे, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. आत जाऊन माझा गुंड घेऊन आली. पाण्यानं अर्धा भरलेला होता, ते पाणी तिनं तुळशीला घातलं. रोज वापरातला, रोज घासलेला. काठाचा पोचासुद्धा घासून घासून उजळला होता. माझं नाव थोडं झिजलं होतं, पण वाचता येत होतं. मी बायजाचा गुंड दहा वर्षं माळ्यावर टाकला होता, आणि तिनं माझा एक दिवस पारोसा ठेवला नव्हता. तिथंही तीच वरचढ ठरली.

निघताना म्हणाली, "पूजेले येऊ का?"

"ये ना."

"टेबल पाहाले येतो."

घरी आले तेव्हा खुशबूनं गुंड टेबलावर ठेवला. काठाबरोबर त्याची बैठकही कुठंतरी वाकली होती. गुळगुळीत टेबलावर तो डुगडुगला. तिनं पोचा मागं फिरवला, तर तो आरशात पुढे आला.

"आई, हा तो नाही."

"हा माझा आहे," मी म्हटलं. "तो माझा नव्हता."

तिनं जास्त विचारलं नाही. ओट्याखालून आईचा गुंड काढला, फडक्यानं पुसला आणि टेबलावर ठेवला. माझा तिनं टेबलाच्या पायाशी जमिनीवर ठेवला, नाव पुढे करून, आणि त्यात मी दिघोरीहून येताना आणलेल्या धानाच्या लोंब्या उभ्या केल्या. चार पावलं मागं गेली. "इथं चांगला दिसते," म्हणाली. माझं मन राखायला बोलली की खरंच, ते मला कळलं नाही. टेबलावरची जागा गेली, एवढं कळलं.

रविवारी पूजा झाली. कुंताबाई जरीचं लुगडं नेसून सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या. येणारा प्रत्येक जण टेबलाकडे पाहायचा आणि त्या पदर सारखा करायच्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून मोजत होते. बायजा आली, टेबलाला बोट लावून पाहिलं, ठसा उमटवला आणि जेवायला बसली.

दुपारी लोक पांगल्यावर कुंताबाई उठून माझ्या गुंडाजवळ आल्या. लोंब्या पाहत असतील असं मला वाटलं. त्या वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून पूर्ण खाली वाकल्या, आणि वाचलं.

"इहीनबाई, हे तुमच्या वडिलांनी टाकलं?"

"हो. आंदणाच्या वेळेसच."

"माझ्याबी गुंडावर होतं. माझ्या बाबांनी टाकलं होतं. कुंता, मोहाडी." त्या सरळ झाल्या. "पॉलिशवाल्यानं मशीन लावली. उजळला, पण नाव पुसून गेलं. मले घरी आल्यावर समजलं. आता कोणाचाबी म्हणा."

 खुशबूनं मला पानाचा डबा आणायला हाक मारली, मी आत गेले.

डबा घेऊन परत आले तर हॉलमध्ये कुंताबाई एकट्याच होत्या. टेबलापुढे उभ्या राहून आपला गुंड दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत होत्या. गळ्याखाली बोट लावून थोडा फिरवायच्या, चष्मा वर करून पाहायच्या, पुन्हा थोडा फिरवायच्या. खाली टेबलाच्या चकाकीत दुसरा गुंड उलटा फिरत होता. एक फेरा झाला, दुसरा झाला.

पानाचा डबा हातात होता. हाक मारून त्यांना पान द्यायला हवं होतं. मी दारातच थांबले आणि तिसरा फेरा होऊ दिला.