दुभाष्या तयार होईपर्यंत

दुपारी सव्वाबारा वाजता मिस्त्रींचा आवाज बंद झाला. तो त्यांच्या धाकट्या मुलीने बंद केला, त्यांना सांगून. त्याआधी पडद्यावर त्यांचे शेवटचे शब्द उमटले होते : लवकर कर.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. निवृत्त झाल्यावरही ते नाव टिकलं. घरात बायकोही त्यांना तीच हाक मारते. आजारात आधी त्यांचे हात गेले, मग पाय, मग जीभ. आता त्यांचं ऐकतात ती फक्त बुबुळं. पलंगाला लावलेल्या लोखंडी दांड्यावर एक छोटा संगणक आहे. त्याचा कॅमेरा मिस्त्रींची नजर कुठल्या अक्षरावर थांबली ते पाहतो, अक्षर उमटतं आणि शब्द पुरा झाला की यंत्र तो मोठ्याने वाचून दाखवतं.

हा प्रोग्राम धाकटीने लिहिलेला. तो ज्या भाषेत आहे ती यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, जो एकेक ओळ वाचून यंत्राकडून काम करून घेतो. नेहमीचा दुभाष्या भरवशाचा, पण संथ. अक्षर उमटायला इतका वेळ लागायचा की चार-पाच शब्दांत मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. त्याच भाषेसाठी लोकांनी दुसरा एक दुभाष्या बनवला आहे. तेच काम पुन्हा पुन्हा समोर आलं की तो ते पाठ करतो आणि मग पळत सुटतो. ऑफिसातल्या संगणकावर धाकटीने त्याचा वेग पाहिला होता. पण पलंगाजवळच्या यंत्राची चिप वेगळी होती आणि तिच्यासाठी तयार दुभाष्या कुठे मिळत नव्हता. मूळ कोड उतरवून त्याच यंत्रावर तो बांधून घ्यायचा, एवढाच मार्ग होता. बांधणी सगळी मेमरी खाते. ती चालू असेपर्यंत बोलण्याचा प्रोग्राम बंद ठेवावा लागतो.

घाई नव्हती. डॉक्टर परवा येणार होत्या.

एक वाजता त्यांचा फोन आला, तो थोरल्या मुलाने घेतला. रात्रीच्या ऑक्सिजनचे आकडे त्यांनी पाहिले होते. परवापर्यंत थांबता येणार नाही, आज चारला येते, म्हणाल्या. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची का, हे आज ठरलं तर उद्या सकाळी करता येईल. नळी बसवली तर मिस्त्री यंत्राच्या श्वासावर काही वर्षं काढू शकतील. नाही बसवली तर काही आठवडे.

"आणि उत्तर त्यांचं हवं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या स्वतःच्या शब्दांत."

असं म्हणायला कारण होतं. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, असं पूर्वी ठरलेलं होतं. पण आता पापण्या आपोआप मिटतात. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तोच प्रश्न दोनदा विचारला आणि दोन्ही उत्तरं मिळाली. अक्षरांचा तक्ता धरायचा तर तो धरणारा अर्ध्या शब्दावरूनच पुढचं ओळखतो. थोरला मुलगा बहिणीला सरळ म्हणाला होता, "तक्ता तू धरलास की बाबा तुझंच बोलतात."

थोरल्याला नळी हवी होती. त्याने ते लपवलं नव्हतं. धाकटीने आपलं मत कधी सांगितलं नव्हतं, आणि थोरल्याच्या लेखी हे न सांगणं म्हणजेच नळीला नकार होता.

फोन ठेवून तो खोलीत आला. पडद्यावर ठिपक्यांची, फुल्यांची ओळीमागून ओळ येत होती आणि त्यातून एक आकृती तयार होत होती.

"हा भुंगा कशाला काढतंय?"

"बनवणाऱ्यांची गंमत आहे. वाट बघणाऱ्याला करमावं म्हणून."

"इथे कुणाला करमत नाहीये? बंद कर हे. जुनं चालू कर."

"जुन्यावर चार शब्दांत त्यांचे डोळे मिटतात, दादा. असल्या प्रश्नाचं उत्तर चार शब्दांत द्यायचं त्यांनी?"

"हो किंवा नाही. एक शब्द झाला."

"तुला एक पुरेल."

"त्यांना विचारलंस, थांबवू का म्हणून?"

विचारायची सोयच धाकटीने सव्वाबाराला बंद केली होती.

आई उशाशी स्टुलावर बसून होती. तिने या दोघांकडे पाहिलंही नाही. "मिस्त्री," ती म्हणाली, "पोरं भांडतायत. नवीन काही नाही. डॉक्टर परवाऐवजी आजच येतायत, चारला. तुमचं यंत्र अजून तयार होतंय. मी इथेच आहे."

मिस्त्रींच्या कामातला हा नियम होता. लिफ्ट अडकली की हत्यारांची पिशवी उघडायच्या आधी दाराशी जायचं, आतल्या माणसाला सांगायचं, मी आलोय, दार ओढू नका. आणि मग काम संपेपर्यंत काय चाललंय ते त्याला सांगत राहायचं. आतला माणूस अंधाराने नाही, गप्प बसलेल्या मिस्त्रीने घाबरतो, असं ते शिकाऊ मुलांना सांगत. आई अधूनमधून तेच करत होती. पंखा कमी केला. तुमचा मुलगा येरझाऱ्या घालतोय, फरशी झिजेल. पडद्यावरचा भुंगा गेला, आता नुसत्या ओळी पळतायत.

या ओळी म्हणजे शेवटचा टप्पा होता. दुभाष्याचं सगळं अंग आता हजारो लहान तुकड्यांत लिहून झालं होतं. ते तुकडे यंत्राच्या बोलीत आणून जोडायचे, एवढंच उरलं होतं. तीन वाजून गेले होते. ओळी थांबल्या. सर्वांत खालच्या ओळीत लिहिलं होतं : जागा शिल्लक नाही.

धाकटी खुर्चीत पुढे सरकली. चूक तिच्या लगेच लक्षात आली, आणि ती नवशिक्याची नव्हती. सवय झालेल्या माणसाची होती. तात्पुरत्या फाइली मेमरीतच ठेवायच्या म्हणजे काम झपाट्याने होतं, ही तिची ऑफिसातली रीत. तिथे मेमरी भरपूर असते. इथे तिने त्याच रीतीने, विचार न करता, जवळजवळ तीन तासांचं सगळं काम मेमरीत साठवलं होतं, आणि मेमरी भरली होती.

"काय झालं?" थोरल्याने विचारलं.

"अडकलंय. निघेल."

"किती वेळात?"

"माहीत नाही."

थोरला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेला. यंत्राची वायर तिथल्या बोर्डात होती. त्याने बटणावर बोट ठेवलं.

"बंद करून चालू केलं की जुना प्रोग्राम आपोआप सुरू होतो ना? तूच सांगितलं होतंस."

"दादा, बटण दाबू नकोस. जे झालंय ते सगळं मेमरीत आहे. वीज गेली की पुसलं जाईल."

"मग पुसलं जाऊ दे. चारला बाबांना तोंड हवं. मंद का होईना, हवं."

"मला फाइली साठवणीच्या कार्डावर हलवू दे. तिथे जागा आहे. मग जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होईल."

"नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेक," थोरला म्हणाला. त्याचं बोट बटणावरच होतं. "तुला खरंच त्यांनी बोलायला हवंय, की चार वाजून जायला हवेत?"

धाकटीचे हात कीबोर्डवर होते. ते थांबले.

"हात काढ," आई म्हणाली.

"आई, तू यात—"

"हात काढ म्हणतेय. बाप बघतोय तुझा."

मिस्त्रींची बुबुळं खरंच बोर्डाच्या बाजूला वळली होती. त्याचा अर्थ काय, हे तिघांनी तीन प्रकारे घेतलं असतं. थोरल्याने हात काढला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

फाइली हलायला वेळ लागला. कार्ड मंद होतं. बांधणी पुन्हा सुरू झाली, थांबलेल्या ठिकाणाहून. "मिस्त्री," आईने सांगितलं, "मधे अडकलं होतं. पुन्हा चालू झालंय. तुमची मुलगी म्हणते, बहुतेक."

डॉक्टर वेळेवर आल्या. त्यांनी नाडी पाहिली, श्वास मोजला, पडद्याकडे पाहिलं. "पाचपर्यंत मला हॉस्पिटलला कळवायला हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्याची जागा दुसऱ्याला जाईल." त्यांना खुर्ची देण्यात आली. यंत्राचा लहान पंखा ओरडत होता.

साडेचारच्या सुमारास ओळी संपल्या. या वेळी खाली कुठलीही तक्रार नव्हती. धाकटीने नव्या दुभाष्याला एक बेरीज घातली. त्याने ती केली. मग तिने बोलण्याचा प्रोग्राम त्याच्या हवाली केला आणि पडदा मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर वळवला.

अक्षरांची चौकट उघडली. मिस्त्रींची नजर एका अक्षरावर थांबली. अक्षर उमटलं नाही. मग उमटलं.

"हे तर जुन्यापेक्षा हळू आहे," थोरला म्हणाला.

"पहिली काही अक्षरं असंच होणार. त्याला पाठ होऊ दे. बाबा, काहीही लिहा. नुसते डोळे फिरवत राहा."

मिस्त्रींनी डोळे फिरवले. दुसरं अक्षर, तिसरं. पाचव्या-सहाव्यानंतर अक्षरं नजरेच्या मागोमाग यायला लागली. काही वेळाने नजर आणि अक्षर यांत अंतरच उरलं नाही. थोरला भिंतीपासून सरकून जवळ आला. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. नळी म्हणजे काय, तिच्यासह काय आणि तिच्याशिवाय काय, हे त्यांनी सावकाश सांगितलं. "तुम्हाला काय हवं?"

यंत्र बोललं, त्याच्या त्या सपाट आवाजात : "मुलांना बाहेर पाठवा."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले.

"दोघांना. दार लावून घ्या. थोरला कान लावेल."

थोरला हसला. तो दाराकडे वळला. आई जागची हलली नाही.

"तू पण," यंत्र म्हणालं.

"मी पण?"

"थोडा वेळ."

तिघं बाहेर आले. डॉक्टरांनी दार लावलं. बोळ अरुंद होता. तिघांना भिंतीला पाठ लावून ओळीत उभं राहावं लागलं. आतून यंत्राचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, एवढंच कळत होतं की तो थांबत नाहीये. मिस्त्री सलग बोलत होते. इतकं सलग ते गेल्या वर्षभरात बोलले नव्हते.

"एका शब्दाचं काम होतं," धाकटी हळूच म्हणाली.

"गप्प बस," थोरला म्हणाला, पण त्यात राग नव्हता.

आईने दारावर बोटांनी दोनदा टकटक केलं. "मिस्त्री, आम्ही इथेच आहोत," तिने सांगितलं. "दार ओढत नाही."

आतला आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

पाच वाजायच्या जरा आधी डॉक्टरांनी दार अर्धं उघडलं. फोन त्यांच्या हातात होता; त्यांनी हॉस्पिटलला कळवलं होतं की अजून कळवायचं होतं, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्यांनी आईला आत घेतलं. मुलांना थांबायला सांगितलं.

सहा वाजता दार बंदच होतं. आतून दोन आवाज येत होते, एक यंत्राचा आणि एक आईचा.