एकोणिसाव्या पानावरचा मासा

"खून माळ्यानंच केला, हे मला चहाच्या वेळीच कळलं होतं," नेटी गौर्ली म्हणाली. "बाईंनी आत बोलावलं तर गडी हात धुऊन आला. आता मला सांगा, कुणी न सांगता हात धुणारा माळी तुम्ही कधी पाहिलाय?"

डनबर हसला. वाचनालयातल्या गुरुवारच्या मंडळात तो नेहमीच हसायचा. निवृत्त पोस्टमन, स्वभावानं लोण्यासारखा मऊ. पण आज तो जरा आधीच हसला, माळ्याचे हात धुऊन व्हायच्या आत. नेटीला ते खटकलं, तरी ती थांबली नाही. एकदा बोलायला लागली की थांबणं तिला माहीतच नव्हतं.

मग तिनं प्रेमकथा घेतली. "नायक डॉक्टर, नायिका पाव भाजणारी, आणि दोघांत मिळून एकुलता एक गैरसमज. माझ्यात आणि माझ्या नवऱ्यात असले ढीगभर होते, म्हणून तर संसार टिकला." मग अंतराळातली कादंबरी. "माणसं पार शनीपर्यंत जाऊन आली, पण सबंध पुस्तकात एकालाही भूक लागत नाही. लिहिणाऱ्याला जन्मभर कुणीतरी आयतं वाढत असणार."

सगळे हसले. नेटीनं उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना सूप वाढण्यात घालवली होती. बोलणं ती तिथेच शिकली. पळीभर सूप आणि दोन वाक्यं, आणि रांग गप्प. नवरा गेला, नोकरी संपली, मुलगा गॅविन ॲबरडीनला जाऊन राहिला. उरला तो हा गुरुवार. त्या लहानशा बंदरगावात तिला ओळख होती ती एवढीच: पुस्तक वाचावं कुणीही, सांगावं नेटीनं.

मंडळ उठलं तेव्हा ऊना पेट्री जवळ आली. "छान सांगितलंस हं, नेटी," ती म्हणाली आणि नेटीच्या कोटाची कॉलर सरळ केली.

नेटी चरकलीच. ऊनाचं लोकरीचं दुकान होतं तेव्हापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "तू सांगितलंस की पुस्तक वाचायची गरज उरत नाही, आणि इच्छाही," असं भर मंडळात म्हणणारी ही बाई. ती आज गोड बोलत होती, आणि गोडही कसं, तर खाटेला खिळलेल्या माणसाशी बोलावं तसं.

बाहेर समुद्रावरून धुकं चढलं होतं. भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लागले होते. घरी पोचेपर्यंत नेटीला दोनदा वाटलं, कुणीतरी मागून येतंय. दोन्ही वेळा मागे कुणी नव्हतं.

घरात शिरल्यावर तिनं अंगातला कोटही न काढता नवं पुस्तक उघडलं. भुताची गोष्ट होती. एकाकी घरात राहणारी एक विधवा, आणि तिची खुर्ची रोज सकाळी खिडकीकडे वळलेली. बरं होतं. वाचता वाचता नेटी एकोणिसाव्या पानावर आली आणि तिचा हात थांबला.

पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीनं काढलेला एक चिमुकला मासा होता.

तो तिचा होता. वाचनालयातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची अशी एकेक खूण असे. रहस्यकथांची मुखपृष्ठं सारखी, नावंही सारखी. वाचलेलं पुन्हा घरी नेऊ नये म्हणून वाचून झालं की आपल्या ठरलेल्या पानावर हळूच खूण करायची, आणि नेण्याआधी ती बघून घ्यायची. ऊनाची फुली सातव्या पानावर. ग्रंथपाल मुलगी न पाहिल्यासारखं करी. गेल्या वर्षी वारलेल्या मिसेस टॉशचं फूल अजूनही कुठल्या कुठल्या पुस्तकात भेटायचं, आणि भेटलं की अंगावर काटा यायचा.

नेताना खूण बघायची राहून गेली होती, पण हे पुस्तक नेटीनं वाचलं नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं तिनं. विधवा नवी होती, खुर्ची नवी होती, भीतीसुद्धा कोरी करकरीत होती.

तिनं टेबलावरची बाकीची पुस्तकं ओढली. प्रेमकथेत दोन मासे होते. माळ्याच्या पुस्तकात आकड्याखाली एका रांगेत तीन. त्यातला एक तिनं काल रात्री पेंगता पेंगता, बाकीचं न बघता काढलेला, ते तिला आठवत होतं. बाकीचे कुणाचे? एका माशाची शेपटी थरथरत्या हातानं काढलेली होती. चोरून नक्कल करणाऱ्याचा हात थरथरणारच, असं नेटीच्या मनानं घेतलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मघाची ती कॉलर! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पुस्तक काखोटीला मारून ती तशीच धुक्यातून ऊनाच्या दारात जाऊन उभी राहिली.

ऊनानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "ये," ती म्हणाली. "चहा ठेवलाय."

"चहा गेला खड्ड्यात! माझा मासा चोरतेस? या वयात? मला वेड्यात काढायचंय होय तुला?"

ऊना भांडली नाही. भांडायची संधी सोडणारी ऊना नेटीनं कधी पाहिली नव्हती.

"बस आधी," ऊना म्हणाली. "नेटी, माळ्याची गोष्ट तू आज तिसऱ्यांदा सांगितलीस."

"काहीतरीच बोलू नकोस!"

"एकदा नाताळाआधी, एकदा ईस्टरला. माळी, चहा, हात, सगळं जसंच्या तसं. डनबरला पाठ झालंय बिचाऱ्याला. तुला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईनं हसतो."

"आणि मी ते मासे पाहिले नसते? डोळे फुटले होते माझे?"

"पाहिलेस ना. पाहिलेस की तू इथे येतेस. याच खुर्चीत बसतेस आणि मला चोर म्हणतेस."

बंदरावरचा भोंगा वाजला. नेटी खुर्चीच्या काठावर टेकली. आज, आत्ता, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला ही धडकी भरली असं ती समजत होती. पण ही धडकी आधीही येऊन गेली होती, आणि जाताना मागे काही म्हणजे काही ठेवून गेली नव्हती. तिला स्वतःच्याच डोक्याची भीती वाटली.

"मग मी काय करते?" तिनं विचारलं.

"रडतेस. मग माझ्याकडून वचन घेतेस, गॅविनला कळवायचं नाही म्हणून. तो मला वृद्धाश्रमात नेऊन टाकील, तिथे दिवसभर टीव्ही लावून ठेवतात, म्हणतेस. मी दिलं वचन. दोन्ही वेळा दिलं."

"मग आताही दे."

"नाही." ऊनाचा आवाज फाटला. "परवा तुझ्याकडे आले तर गॅस चालू होता आणि वर ज्योत नव्हती. तू शेजारी बसून निवांत वाचत होतीस. मी खिडक्या उघडल्या तर थंडी येते म्हणून मलाच ओरडलीस! अगं, इतकी वर्षं भांडतेय मी तुझ्याशी. तुझ्या मयताला आलेल्या लोकांना सँडविचं वाटणं मला जमायचं नाही."

नेटीनं दाराकडे पाहिलं. रागावून उठावं, घरी जावं, झोपावं, एवढंच करायचं होतं. सकाळी यातलं काही उरलं नसतं. घर तिचं राहिलं असतं, पुस्तकं राहिली असती, गुरुवार राहिला असता. फक्त ऊनाला आठवत राहिलं असतं. विसरणं इतकं सोपं होतं की तिला मोह झाला, आणि त्या मोहाचीच तिला लाज वाटली.

"फोन दे," ती म्हणाली.

"मी बोलू का त्याच्याशी?"

"तू नको. तू सांगितलंस तर तो मला विचारील, आणि मी तुला खोटी पाडीन. ते मला फार छान जमतं."

गॅविन कामावर होता. "आई? सगळं ठीक आहे ना?"

"नाही रे, बाळा." आणि तिनं सांगितलं. मासे सांगितले, माळी सांगितला, गॅस सांगितला. एकही विनोद केला नाही.

मग तो म्हणाला, "मी शनिवारी येतो, आई. सकाळीच निघतो."

"शनिवारी नको. शनिवारी मी तुला सूप करून घालीन, चार पुस्तकांच्या गमती सांगीन, आणि तू हसत हसत परत जाशील. ऊना म्हातारी झालीय, काहीबाही बोलते, असंही सांगीन. आणि तुला पटेल, गॅविन. माझं बोलणं सगळ्यांना पटतं." तिनं श्वास घेतला. "मला माहीत आहे तोवर ये."

"निघतो," तो म्हणाला.

ॲबरडीनहून यायला त्याला दोन तास तरी लागणार होते. ऊनानं शेकोटी वाढवली, चहाचा कप नेटीच्या हाताशी ठेवला आणि तिच्या खांद्याला हात लावला. "कोट तरी काढ. घामाघूम होशील."

"नको," नेटी म्हणाली. "कोट काढला की मला वाटायला लागेल, मी तुझ्याकडे चहाला आलेय."

तिनं गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, खुर्ची दाराकडे वळवली आणि चहाला हात न लावता बसून राहिली.