वीतभर अंतरावरचा डोळा

थोरली डोळे करायची. म्हणजे खोटे डोळे. अपघातात नाहीतर आजारपणात ज्याचा एक डोळा गेला, त्याच्या रिकाम्या खोबणीत नेमका बसेल असा ॲक्रिलिकचा डोळा ती घडवायची, घासून गुळगुळीत करायची. मग त्या माणसाला खिडकीपाशी बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत बघत, केसाएवढ्या ब्रशनं बुबुळ रंगवायची. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू सोडवून चिकटवायची. "माझा धंदाच लोकांच्या डोळ्यात धूळ फेकायचा," असं ती हसत सांगे. ती धूळ इतकी बेमालूम असे, की खरा डोळा कोणता हे कधीकधी घरच्यांनाही आठवून सांगावं लागे.

धाकटी फोटोग्राफर. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर तिचा स्टुडिओ होता. पासपोर्टच्या फोटोपासून म्हाताऱ्या जोडप्यांच्या मोठ्या फ्रेमपर्यंत सगळं ती करायची, पण तिचा खरा जीव चेहऱ्यांत. दुपारचा चहा दोघी बरोबर घ्यायच्या आणि बरोबरच भांडायच्या. धाकटीला थोरलीचं कौतुक पोटभर होतं, पण तोंडावर कौतुक करायची त्यांच्या घरात कुणालाच सवय नव्हती.

एकदा थोरली चहाला आली तीच तोंड पाडून.

"सलूनवाले काका माहितीयेत ना? त्यांच्यापुढे हात टेकले मी."

हे काका म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक. डोळ्यात गाठ झाली म्हणून त्यांचा डावा डोळा काढावा लागला होता. थोरलीनं त्यांच्यासाठी डोळा केला खरा, पण अडचण अशी की काकांची मान वयामुळे सारखी लटलट हलायची. बुबुळ बारकाईनं बघायला जावं, तर ते पाळण्यात बसल्यासारखं झुलतंय.

"रंग बरोबर आला गं," थोरली म्हणाली, "पण नजर भलत्याच माणसाची आली. काका बिचारे म्हणाले, छान आहे. काकू मात्र त्यांच्याकडे बघता बघता खिडकीबाहेर बघायला लागल्या. तेव्हाच कळलं मला. तू फोटो काढून दे. एवढा मोठा, की बुबुळातला धागा न् धागा दिसेल."

धाकटीनं कॅमेरा उचलून तिथल्या तिथे बहिणीच्याच डोळ्यावर रोखला. जरा जवळ गेलं की सगळं धूसर. तिची नेहमीची लेन्स चेहऱ्यासाठी देखणी, पण डोळ्याच्या जवळ जायचं म्हटलं की पार आंधळी.

"मॅक्रो लेन्स घ्यायला हवी," ती म्हणाली. "आणि मॉडेल म्हणून तू चल. मला कुणाचा तरी डोळा लागेल."

कॅमेऱ्याच्या दुकानातला माणूस धाकटीला चांगला ओळखत होता. त्यानं काचेच्या टेबलावर तीन मॅक्रो लेन्स मांडल्या. साठ, शंभर आणि एकशे ऐंशी मिलिमीटरच्या. थोरलीला स्टुलावर बसवून धाकटीनं आधी साठची लावली. छोटीशी, हलकी, हातात खेळण्यासारखी. पण बुबुळ मोठं दिसावं म्हणून पुढे सरकता सरकता लेन्सचं तोंड थोरलीच्या पापणीपासून चार बोटांवर आलं.

"डोळ्यात घालतेस की काय!" थोरली मागे सरली.

फोटो बघितला तर त्यात बुबुळापेक्षा लेन्सचीच काळी सावली मोठी. त्याच लेन्सनं चेहरा भरून फोटो घेतला, तर थोरलीचं नाक पुढे आलं आणि कान मागे पळाले.

"हा फोटो बाहेर गेला तर बघ," थोरली म्हणाली.

मग एकशे ऐंशीची. लांबून घेतलेला डोळा सुरेख आला, सावली नाही की काही नाही. पण तिचं वजन असं, की थोड्याच वेळात धाकटीचं मनगट थरथरायला लागलं. आणि चेहरा घ्यायचा तर मागे मागे जात ती पार दुकानाच्या दारात पोचली. तिथून "हनुवटी खाली घे" म्हणून ओरडावं लागलं आणि रस्त्यावरच्या दोघांनी आपापल्या हनुवट्या खाली घेतल्या.

"ही ट्रायपॉडवर लावायची," दुकानदार म्हणाला. "मग हात दुखायचा प्रश्नच नाही."

"ट्रायपॉड जागचा हलत नाही, आणि ज्यांचा फोटो काढायचा ते हलणार," धाकटी म्हणाली. "मलाच त्यांच्याबरोबर हलायला हवं."

राहिली शंभरची. डोळ्यापासून वीतभर अंतर. शेजारून प्रकाश आत जाईल एवढी वाट, आणि समोरच्याचा जीव घाबराघुबरा होणार नाही एवढी जागा. दोन पावलं मागे घेऊन तिनं थोरलीचा चेहरा घेतला. नाक नाकाच्या जागी, कान कानाच्या. दुकानदारानं प्रामाणिकपणे इशारा दिला, "चेहऱ्यासाठी ही फार निष्ठुर आहे हं. सुरकुती सोडत नाही एकही. गिऱ्हाईकं नाराज होतात."

धाकटीनं पडद्यावर थोरलीचा चेहरा मोठा करून बघितला. वर्षानुवर्षं बारीक काम करताना डोळे किलकिले करून पडलेल्या रेषा कोपऱ्यापासून कानशिलापर्यंत पसरल्या होत्या. इतकी वर्षं रोज चहाला समोर बसणारी बहीण, आणि त्या रेषा इतक्या सुंदर आहेत हे आज दिसत होतं.

"हीच द्या," ती म्हणाली.

फोटो कुठे काढायचा यावर काकांनीच तोडगा सुचवला. "माझ्या सलूनमध्ये या. डोकं टेकायची खुर्ची माझ्याकडे आहेच की." ऑपरेशन झाल्यापासून सलून बंद होतं. काकूंनी शटर वर केलं, आरशांवरची धूळ पुसली. पहिला खोटा डोळा काढून ठेवून तिथे पट्टी बांधलेले काका आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"जन्मभर लोकांना सांगत आलो, हलू नका, कान जाईल," ते म्हणाले. "आता घ्या, माझी पाळी."

खुर्चीच्या उशीवर डोकं टेकल्यावर लटलट कमी झाली, पण गेली नाही. वीतभर अंतरावर मॅक्रो लेन्सचा फोटो बिघडवायला तेवढीही पुरते. बुबुळ स्पष्ट व्हायचं, निसटायचं, पापणीचा केस स्पष्ट व्हायचा, तोही निसटायचा. फोटोमागून फोटो वाया गेले. धाकटीच्या नाकी नऊ आले आणि घाम कॅमेऱ्यावर टपकायला लागला.

"थांब, बेटा," काका म्हणाले. "तू एवढी जवळ आलीस की मी श्वास धरून बसतो. त्यानं मान जास्त हलते. मी गप्पा मारतो. बोलून झालं की श्वास सोडेन. तेव्हा क्षणभर शांत असते ती."

आणि त्यांनी सुरुवात केली. दाढी करताना घोरणाऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट, टक्कल पडल्यावरही दर आठवड्याला येऊन नुसतं डोकं चोळून घेणाऱ्या मास्तरांची गोष्ट. धाकटी ऐकत होती, हसत होती, त्यांच्या मानेबरोबर पुढेमागे झुलत होती. वाक्य संपायचं, श्वास सुटायचा, मान एक पळ स्थिर व्हायची आणि ती बटण दाबायची. एरवी एवढ्या जवळ कॅमेरा आला की भलेभले डोळा मिटून घेतात. काकांचा तो एकुलता एक डोळा उघडा, निवांत, सरळ लेन्समध्ये बघत होता. माणसांच्या इतकं जवळ उभं राहण्यातच त्यांचा जन्म गेला होता. परक्या माणसाचा चेहरा हातात घेण्यासाठी किती विश्वास लागतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. धाकटीला वाटलं, आपण इतके चेहरे टिपले, पण कुणी आपल्याला असं आत येऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी थोरलीनं तो फोटो मोठ्या पडद्यावर बघितला. पिंगट बुबुळात मधाच्या रंगाचे धागे बाहुलीपासून बाहेर पसरले होते. एका बाजूला गंजाचा ठिपका. आणि कडेला, वरच्या पापणीच्या आड जवळजवळ लपलेली, राखाडी धुक्यासारखी एक फिकट कड.

"ही बघ," तिनं बोट ठेवलं. "वयानं येते ही. मान हलत होती तेव्हा ही मला दिसलीच नाही. मी त्यांना तरुण माणसाचा डोळा देऊन बसले होते. काकू बघतील कशा?"

दुसरा डोळा तिनं नव्यानं केला. धाकटी काम आवरून वर जाऊन बसायची आणि बघत राहायची. थोरली एक धागा रंगवायची, फोटोकडे बघायची, दुसरा रंगवायची. मधेच रंगाची खात्री करायला काकांना खिडकीत बोलवायची. सगळ्यात शेवटी तिनं ती राखाडी कड घातली, इतकी हलकी, की ब्रश टेकला की नाही तेच कळू नये.

"ताई," धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासारखा हात मी कुणाचा बघितला नाही."

थोरलीनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले. "प्रकाश अडवू नकोस," ती म्हणाली.

डोळा बसवला त्या दिवशी काकू समोर उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "असे काय बघताय माझ्याकडे?" आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या.

धाकटीनं त्याच लेन्सनं दोन पावलं मागे जाऊन काकांचा फोटो घेतला. लेन्सनं खरंच काही सोडलं नाही. सुरकुत्या, हनुवटीवरचा जुना व्रण, पापण्यांवरचे पिकलेले केस. आणि त्या सगळ्यात शेजारी शेजारी दोन डोळे, एकाच माणसाचे.

काकांनी छापलेला फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

"कल्ले एकसारखे नाहीत," ते अखेर म्हणाले. "डावा वर गेलाय. कुणी कापले हे?"

"मीच कापले," काकू म्हणाल्या. "तुम्ही हॉस्पिटलात झोपून होतात तेव्हा."

काकांनी फोटोकडे पुन्हा बघितलं. डाव्या कल्ल्यावरून बोट फिरवलं.

"मग असू देत," ते म्हणाले. "आरशाशेजारी लावू या."