चारातलं एक झाड

संशोधन केंद्रावर सगळे तिला चिमटेबाई म्हणायचे, कारण तिच्या हातातला चिमटा सुटलेला कुणी पाहिलाच नव्हता. टोमॅटोची कळी पिवळी होऊन उमलायच्या बेतात आली की तिच्यातले पुंकेसर अलगद काढायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, हे तिचं वीस वर्षांचं काम. एका दिवसाचा उशीर झाला तरी सगळं मुसळ केरात. फूल आपलाच पराग घेऊन मोकळं होतं आणि संकर नुसता चिठ्ठीवर उरतो. डॉक्टर, म्हणजे माणसांचे नव्हे, टोमॅटोचे, झाडांशी बोलायचे त्याच्या निम्म्यानंही माणसांशी गोड बोलत नसत. पण बाईंच्या हातावर त्यांचा डोळे झाकून विश्वास.

आज दोघं डॉक्टरांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या संकराची झाडं मोजत होते. आई मोठ्या फळांची, बाप फांद्या फुटलेल्या घोसाचा. पहिल्या पिढीत सगळी झाडं आईवरच जाणार, हे ठरलेलं. या दुसऱ्या पिढीत मात्र चारातल्या एकाचा घोस बापासारखा फाटायला हवा, आणि त्यातूनच भरघोस उत्पन्नाचा वाण निघणार. दोनशे झाडांत पन्नासेक तरी.

बाईंना ती झाडं डॉक्टरांपेक्षा जास्त हवी होती. दोन वर्षांपूर्वी हा संकर चालला होता त्या सकाळी नणंदेचा फोन आला होता. "वहिनी, असाल तशा निघा. दादाचं काही खरं नाही." डॉक्टर शेजारीच उभे होते. "एवढी ओळ संपवूनच जा," ते म्हणाले, "अर्ध्या तासाचं तर काम." तिनं ओळ संपवली. दवाखान्यात पोचली तेव्हा नवऱ्याला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

ती रडली नाही. आठवड्यानं कामावर आली तेव्हा लोक म्हणाले, बाई मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा! आत सगळं बधिर झालं होतं. जेवणाला चव नव्हती, कुणी टोचून बोललं तरी लागत नव्हतं. त्या अर्ध्या तासाचं निदान काहीतरी उगवेल, एवढंच तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

"किती झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकशे साठ."

"त्यातली फाटलेल्या घोसाची?"

"एकही नाही."

उरलेली चाळीस त्यांनी पाहिली. सगळी एकजात सारखी. डॉक्टरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "बियाणं बदललंय! बियाणं सांभाळणाऱ्या त्या कोठीवाल्याला आज सोडत नाही मी. डोळे काय घरी ठेवून येतो?"

डॉक्टरांच्या एका शब्दावर कोठीवाल्याची नोकरी गेली असती. बाईंनी फक्त गप्प राहायचं होतं.

"त्याला काही बोलू नका," ती म्हणाली. "त्या सकाळी फुलं उमललेली होती. शेवटच्या ओळीतली, म्हणजे ज्यांच्यापासून हे बियाणं आलं, ती सगळी. पराग आधीच सांडला होता."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या कळ्या शोधायला लावल्या असत्या. मला निघायचं होतं. नुसता चिमटा चालवला, चिठ्ठ्या बांधल्या. तरी एखाद्या फुलाला तुमचा पराग लागला असेल, अशी आशा धरून होते."

डॉक्टर वरंब्यावर बसले. म्हणाले, "जाऊ द्या. चुकतो माणूस. पुढच्या हंगामात पुन्हा करू. मी निवृत्त झालो तरी येईन."

"हे पुन्हा होईल हो," ती म्हणाली. "नर्स सांगत होती, ते शेवटपर्यंत शुद्धीवर होते. दाराकडे बघत होते."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांच्या टकलाच्या कडेचे पांढरे केस घामानं चिकटले होते, म्हातारा अगदी दीनवाणा दिसत होता. आणि बाईंना त्यांचा राग आला. धडधडीत राग. दोन वर्षांत तिला पहिल्यांदाच काही जाणवत होतं. ती पहिल्या झाडापाशी गेली, दोन्ही हातांनी ते मुळासकट उपटलं, आणि मोठ्यानं रडायला लागली.