श्यामरावांचा ताप

गार्गीने सासूबाईंच्या मांडीवरची पर्स उचलली आणि पलंगाच्या पायथ्याशी उलटी केली. रुमाल पडला, लवंगांची डबी पडली, दोघांचे पासपोर्ट पडले आणि शेवटी रबर लावलेल्या अँटिबायोटिकच्या दोन स्ट्रिप पडल्या.

“सासूची झडती घ्यायला शिकवतात का गं तुमच्या ट्रेनिंगमध्ये?” केसरबाईंनी विचारलं.

“नाही. ते घरीच शिकले.”

पलंगावर श्यामराव डोळे मिटून पडले होते. दुपारचा ताप चढायला लागला होता.

येवल्यात डॉक्टर श्यामरावांची सुई नावाजलेली होती. ताप कुठलाही असो, सुई तीच. मुलाकडे दोह्याला येताना त्यांनी कपड्यांपेक्षा औषधंच जास्त आणली होती. इथे ताप येऊ लागला तेव्हा आज ही गोळी, उद्या ती, असा त्यांनी स्वतःवरच दवाखाना चालवला. घरातली सून संसर्गजन्य रोगांच्या फेलोशिपच्या शेवटच्या वर्षाला होती, पण तिला विचारायचं म्हणजे कमीपणा. “आम्ही नाडी बघून ताप पळवले, तुम्ही नुसत्या रक्ताच्या बाटल्या भरता,” असं ते तिला जेवताना ऐकवत.

त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप होती. जंतू तिथे बसला असावा अशी दाट शंका होती, पण अर्धवट औषधांनी दबलेला तो जंतू रक्तात सापडेना. त्यांना गार्गीच्याच इस्पितळात दाखल केलं, तेव्हा विभागाच्या बैठकीत सगळे म्हणाले, असतील नसतील ती औषधं सुरू करा. गार्गी एकटी उलट बोलली. पेशंट आज स्थिर आहे. सगळी औषधं थांबवू, जंतूला डोकं वर काढू देऊ, रोज रक्त घेत राहू. प्रकृती जरा घसरली तर तत्क्षणी औषध सुरू. विभागप्रमुख डॉक्टर मुनीराला ते पटलं. बाहेर आल्यावर मात्र तिने गार्गीला बाजूला घेतलं.

“पेशंट तुझा सासरा आहे. खलास, विषय संपला. आता या खोलीत तू डॉक्टर नाहीस. फक्त सून.”

मग सुनेच्या वाट्याला जे येतं ते सगळं आलं. नवऱ्याने, अवधूतने, रास लफानच्या गॅस प्रकल्पातून शिफ्टमध्येच फोन केला. “माझ्या बापावर प्रयोग नको करूस.” ती म्हणाली, “प्रयोग ते स्वतःच करत होते. मी थांबवलाय.” आणि फोन ठेवला. ठेवल्यावर ती जिन्यात जाऊन बसली. तिला भीती वाटत होती. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं असतं तर त्या घरात तिला कुणी माफ केलं नसतं, आणि तिने स्वतःलाही नाही. तरी ती हटली नाही.

आता तिने स्ट्रिप खिडकीच्या उजेडात धरली. काही कप्पे रिकामे होते.

“कधीपासून देताय, आई?”

“तुम्ही बंद केलं तेव्हापासून. तू चहाला गेलीस की.” केसरबाईंनी पदर खोचला. “माझा माणूस आहे. तो तापाने फणफणतोय आणि तुम्ही औषध काढून घेऊन बघत बसलात. मी दिली. परत देईन.”

गार्गीने इतके दिवस सासऱ्यांचा जीव टांगणीला लावला, तो फुकट. रक्ताच्या बाटलीत आता कुठलाच जंतू उगवणार नव्हता. तिने मुनीराला लावायला फोन काढला.

“फोन ठेव,” श्यामराव म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. “माझं चष्म्याचं घर दे.”

“आत्ता चष्मा कशाला, बाबा?”

“दे म्हणतो ना.”

चष्मा टेबलावरच होता. चष्म्याच्या घरात कागदी रुमालाची पुरचुंडी होती आणि तिच्यात गोळ्या, लाळेने फुगलेल्या, रंग उडालेल्या.

“गालात धरायचो. ही वळली की काढायचो.”

केसरबाई उठून उभ्या राहिल्या. “अहो, मी माझ्या हाताने पाणी पाजलं तुम्हाला.”

“पाणी प्यालो की.”

गार्गीने गोळ्या आणि स्ट्रिपचे रिकामे कप्पे मोजले; आकडा जुळला. “माझं पटलं होतं तुम्हाला?”

“छट्. तुझी बाटली रिकामीच निघणार होती.” त्यांनी डोळे उघडले. “तेव्हा तुला सबब नको मिळायला.”

तेवढ्यात दार उघडून मुनीरा आत आली. रोज राऊंडला असायची तशीच घाईत, पण आज ती सरळ गार्गीकडे पाहत होती.

“बाटलीत वाढ झालीय. स्ट्रेप्टोकॉकस, तोंडातला. दातांतून शिरला असणार. बहुधा साध्या पेनिसिलिनला दाद देईल. लगेच सुरू करू.”

इंग्रजी श्यामरावांना कळत होतंच. तरी ते गार्गीला म्हणाले, “नाव परत सांग.”

तिने सांगितलं. नव्या पेशंटचं नाव घोकावं तसं ते त्यांनी पुटपुटलं.

“चाळीस वर्षं ताप पळवले,” ते म्हणाले. “कोण होता, ते एकदा विचारलं नाही.”

जेवणाच्या टेबलावर ऐकलेल्या प्रत्येक टोमण्याचं उत्तर गार्गीच्या जिभेवर आलं होतं. तिने चष्म्याचं घर मिटून टेबलावर ठेवलं. केसरबाई पलंगावरच्या वस्तू पर्समध्ये भरत होत्या. स्ट्रिपपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी त्या तशाच राहू दिल्या.

मुनीराने नर्सला बोलावण्यासाठी बेलकडे हात नेला. श्यामरावांनी मान हलवून नाही म्हटलं, बाही वर सारली आणि हात सुनेपुढे केला.

“हिला करू दे. झडती चांगली घेते. शीर सापडते का बघू.”

गार्गीने मुनीराकडे पाहिलं. मुनीराने हातमोज्यांचा खोका उचलून तिच्यापुढे धरला.