ताईची गोळी

मित्रांनो, रक्तदाब मोजणारं एक जुनं यंत्र आहे मी. या घरात मला सगळे ठोकळा म्हणतात. कारखान्यात मला दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा मिळाला, आकडे दाखवणारी काच मिळाली. मग औषधाच्या दुकानातून ताई मला घरी घेऊन आली.

ताईचा धाकटा भाऊ शिंपी. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा ताईनं आढेवेढे न घेता आपली एक त्याला दिली. ती टिकवायची तर रक्तदाब ताब्यात हवा, म्हणून माझी नेमणूक झाली. कापड बेतायच्या टेबलावर कात्रीशेजारी मला जागा मिळाली. आकडा चांगला आला की तो मला थोपटायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढं ताईलाही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ती भावाच्या रक्तदाबाच्या गोळीहून वेगळी होती. एकदा भावाची गोळी दुकानात मिळेना, तेव्हा तिनं आपल्या गोळ्यांचं पाकीट पुढं केलं.

"डॉक्टरांना विचारू का आधी?" तो म्हणाला.

"त्यात काय विचारायचं? माझी किडनी चालली तुला, मग गोळी चालणार नाही होय?"

दोघंही हसले. माझा आकडा झकास येऊ लागला, म्हणून तीच गोळी चालू राहिली.

पण मी फक्त दाब मोजतो, मित्रांनो. रक्तात काय चाललंय ते मला दिसत नाही. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून तो रोज एक औषध घ्यायचा. ताईच्या गोळीमुळे ते रक्तात वाढत चाललं होतं. बेतात असलं तर ते किडनीला जपतं, जास्त झालं तर तिलाच मारतं.

एका सकाळी त्याच्या दंडाची बारीक थरथर मला जाणवली. सुईत दोरा जाईना. थरथरीमुळे माझा आकडाही लागेना. "ठोकळा म्हातारा झाला," म्हणत त्यानं मला टपली मारली, सेल बदलले आणि शेवटी फळीवर टाकून दिलं. खापर माझ्यावर फुटलं, त्याच्या हाताकडे कुणी पाहिलं नाही. फळीवरून मला शिलाई मशीन अडखळताना ऐकू यायचं. मला फार भीती वाटायची.

डॉक्टरांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. ताईची गोळी बंद झाली, हात स्थिर झाला, पण किडनी गेली. आता या घरात माणसं दोन आणि चालणारी किडनी एकच.

तो डायलिसिसला गेला की ताई मला खाली काढते आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधते. तिचा दंड स्थिर असतो, तरी मला त्याचीच थरथर जाणवत राहते.

मित्रांनो, कुणी मायेनं आपली गोळी पुढं केली तर रागावू नका, पण घेऊही नका. आधी डॉक्टरांना विचारा. आकडा छान आला तरी विचारा. ताई आता मलाच विचारते, पट्टा बांधता बांधता, अगदी हळू आवाजात, "माझ्याच हातानं घालवली का रे मी ती?"

मी काचेवर तिचा आकडा दाखवतो.